चौदा एप्रिलची दुसरी आठवण

एखादा सेवानिवृत्त अग्निशमन प्रमुख कालवश झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. इतकी वर्षे सेवा केली, अमुक पदक मिळाले, पश्चात पत्नी, मुले, नातवंडे असा परिवार आहे. दलातले जवान गणवेशात येतात, शेवटची सलामी देतात आणि पुन्हा आपल्या केंद्रावर जातात, कारण घंटा कधी वाजेल याचा नेम नसतो. बातमी तिथेच संपते. त्या माणसाबरोबर काय गेले, याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. कोणत्या गल्लीत बंब शिरत नाही, कोणत्या गोदामात कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसराच माल असतो, कोणत्या इमारतीला आपण किती वेळा नोटीस दिली आणि ती कोणाच्या फोनमुळे थंड पडली, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात असते. तो गेला की शहराची ही अलिखित स्मरणवहीच जाते. आज आम्ही लिहितो आहोत ते अशा माणसांच्या स्मरणाविषयी. त्यातले काहीजण तर निवृत्तीच्या दिवसापर्यंत पोहोचलेच नाहीत.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते मुळशी तालुक्यातील लवळे गावी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी. सकाळची धम्मवंदना झाली होती, मिरवणुकीची तयारी चालली होती आणि आम्ही संध्याकाळच्या भाषणाची टिपणे काढत बसलो होतो. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि सहज म्हणाले, "वकीलसाहेब, आज आमचाही दिवस असतो. तुम्ही लोक जयंतीत इतकं बोलता, पण आमची आठवण कधी काढत नाही." आम्हाला उत्तर सुचले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही १४ एप्रिलला व्यासपीठावर उभे राहतो. संविधानावर बोलतो, शिक्षणावर बोलतो, आरक्षणावर बोलतो. परंतु याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि त्याचे कारण आपल्याच मुंबईत घडलेले आहे, ही गोष्ट आम्ही एकदाही लोकांना सांगितली नव्हती. हा लेख म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध सुरू होते. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले होते आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज नांगरलेले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! धोकादायक माल असल्याचा इशारा देणारा लाल बावटासुद्धा त्या जहाजावर लावलेला नव्हता. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाला वर्दी गेली. जवान आले, नळ्या सोडल्या आणि पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज बाहेर समुद्रात न्यावे, जागेवरच बुडवावे की पाणी मारत राहावे, यावर तिथल्या अधिकाऱ्यांची मते वेगवेगळी होती आणि अखेरचा निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरत नव्हते. वरचे साहेब चर्चा करत होते, खालचे जवान पाणी मारत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. गोदीलगतच्या वस्त्यांची राखरांगोळी झाली. अग्निशमन दलाचे सहासष्ट जण त्या एका दुपारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन ठरला आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जाऊ लागला.

वाचकांनी या घटनेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सहासष्ट जणांना केवळ आगीने मारले असे म्हणणे अर्धसत्य आहे. स्फोटकांशेजारी कापूस ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. बावटा न लावण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. जहाज हलवायचे की नाही, हा निर्णयही त्यांच्या हातात नव्हता. ज्यांच्या हातात निर्णय होता ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि ज्यांच्या हातात फक्त पाण्याची नळी होती ते जागच्या जागी गेले. श्रमणाऱ्यांचा जीव आणि निर्णय घेणाऱ्यांची खुर्ची यांच्यातले हे अंतर आपल्या चळवळीला नवे नाही.

आता एकाहत्तर वर्षे पुढे या. ९ मे २०१५. मुंबईतील काळबादेवी भागात गोकुळ निवास नावाच्या जुन्या, लाकडी बांधणीच्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. इमारत कोसळली तेव्हा अग्निशमन दलाचे अधिकारी आगीच्या तोंडाशी होते. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी त्याच दिवशी गेले. उपप्रमुख अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांना गंभीर भाजलेल्या अवस्थेत ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये हलवण्यात आले. अमीन १४ मे रोजी गेले आणि नेसरीकर २४ मे रोजी. पंधरा दिवसांत देशाच्या आर्थिक राजधानीच्या अग्निशमन दलाने आपला प्रमुख, उपप्रमुख आणि दोन अनुभवी अधिकारी गमावले.

सुनील नेसरीकर यांचे स्मरण करताना आम्हाला एका गोष्टीचे विशेष वाटते. या देशात साहेब मागे आणि शिपाई पुढे अशी रीत आहे. जातिव्यवस्थेने ती रीत आपल्या हाडामांसात मुरवली आहे. घाण उपसायची एकाने, आदेश द्यायचा दुसऱ्याने. ओझे वाहायचे एकाने, मिरवायचे दुसऱ्याने. आणि इथे मुंबईसारख्या महानगराच्या दलाचा प्रमुख आपल्या माणसांसोबत आगीपाशी उभा होता. बिनतारी संदेशावर हुकूम सोडून कार्यालयात बसणे त्याला शक्य होते. पण त्याने तसे केले नाही. हुद्दा जितका मोठा तितकी जोखीम आधी आपली, हे तत्त्व त्याने भाषणात सांगितले नाही, करून दाखवले. आमच्या लेखी नेतृत्वाची याहून सोपी व्याख्या नाही. चळवळीतल्या पुढाऱ्यांनीही, आमच्यासकट, तिच्यासमोर एकदा स्वतःला उभे करून पाहावे.

परंतु नुसत्या हौतात्म्याचे गोडवे गाऊन थांबणे म्हणजे त्या माणसांची फसवणूक होय. व्यवस्थेला हुतात्मे आवडतात, कारण हुतात्मा प्रश्न विचारत नाही. जिवंत अग्निशमन अधिकारी मात्र प्रश्न विचारतो. जिना मोकळा का नाही? दाराला बाहेरून कडी का? गच्चीवर स्वयंपाकघर कोणी काढले? म्हणून मेलेल्या अधिकाऱ्याला फुले मिळतात आणि जिवंत अधिकाऱ्याच्या नोटिशीला केराची टोपली.

वास्तविक पाहता, अग्निशमन प्रमुखाचे खरे काम आग लागण्याच्या आधीचे आहे आणि आपल्या राज्यात त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा तो कायदा. तो लागू झाला ६ डिसेंबर २००८ रोजी. तारीख पुन्हा वाचा. अग्निशमन सेवेचा दिवस बाबासाहेबांच्या जयंतीला आणि अग्निसुरक्षेचा कायदा अंमलात आला तो महापरिनिर्वाणदिनी! हा योगायोग आहे, त्यात कोणी दैवी संकेत शोधू नये. पण ज्या दोन तारखांना आपला समाज लाखोंच्या संख्येने एकत्र येतो, त्याच तारखांना हा विषय आपल्या दारात उभा असावा आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवून बसावे, हे मात्र योग्य नाही.

हा कायदा काय सांगतो? आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. साधने चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे आहे. अग्निशमन अधिकाऱ्याला इमारत तपासता येते, नोटीस देता येते. धोका गंभीर असेल तर जागा रिकामी करायला लावण्याचे आणि वीज-पाणी तोडायला लावण्याचे अधिकारही कायद्यात आहेत. म्हणजे कागदावर अग्निशमन प्रमुख हा नुसता पाणी मारणारा माणूस नाही. तो माणसांच्या जगण्याच्या हक्काचा पहारेकरी आहे. संविधानाच्या अनुच्छेद २१ चे रक्षण न्यायालयात होते तसेच ते जिन्यात, दारात आणि गच्चीवरही होते.

मग अडते कुठे? लवळ्यात उभे राहून पाहिले की ते दिसते. एका बाजूला डोंगरावर सिम्बायोसिसचे भव्य संकुल, फ्लेमसारखे विद्यापीठ, देशोदेशींचे विद्यार्थी. खाली गाव, गावाच्या कडेला भाड्याच्या खोल्या, पत्र्याच्या शेड. पलीकडे पिरंगुटचा औद्योगिक पट्टा आणि तिथे पोटासाठी आलेली माणसे. शेजारचे सूस २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, लवळे ग्रामपंचायतीतच राहिले. हा फरक केवळ घरपट्टीचा नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील अशा विषयांची ती यादी आहे आणि तिच्यात सातव्या क्रमांकावर 'अग्निशमन सेवा' हे शब्द आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, कुक्कुटपालन आहे, ग्रंथालये आहेत, बाजार आहेत. लघुउद्योगसुद्धा आहेत. पण अग्निशमन सेवा नाही!

म्हणजे कारखाना गावात येऊ शकतो, पण त्याची आग विझवणारा बंब गावाच्या यादीत नाही. घटनादुरुस्ती करणाऱ्यांसमोर बहुधा शेतीभातीचे जुने खेडे असावे. आजचे मुळशीचे खेडे तसे उरलेले नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले, त्याचे स्वतःचे अग्निशमन दलही आहे, हे मान्य. परंतु प्राधिकरण हे लोकांनी निवडून दिलेले सभागृह नव्हे. ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारता येतो. प्राधिकरणाला लवळ्याच्या चावडीवर कोण बोलावणार?

या पोकळीची किंमत मुळशी तालुक्याने मोजली आहे. ७ जून २०२१ रोजी दुपारी उरवडे येथील एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीत आग लागली. पाणी शुद्धीकरणाची रसायने तयार करून भरण्याचे काम तिथे चालत होते. कोरोनाचा काळ होता, हाताला मिळेल ते काम लोक धरत होते. सतरा कामगारांचा कोळसा झाला आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. जेसीबीने भिंती फोडून मृतदेह बाहेर काढावे लागले. ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. मंत्री आले, मदत जाहीर झाली. सकाळी घरातून डबा घेऊन निघालेल्या त्या बाया होत्या. कुणाचे घर चालत होते, कुणाच्या मुलीची फी भरली जात होती, कुणाचे कर्ज फिटत होते. अग्निशमन दल तिथे पोहोचले तेव्हा बायांना वाचवण्याची वेळ निघून गेली होती. त्यांना वाचवायचे असते तर अधिकारी आग लागल्यावर नव्हे, आग लागण्यापूर्वी आत जायला हवा होता.

त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३८ होते. आगीच्या वेळी प्रत्येक कामगाराला सुरक्षित बाहेर पडता आले पाहिजे, बाहेर पडण्याच्या वाटा त्याला माहीत असल्या पाहिजेत, असे ते सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते. १९४८ च्या मूळ कायद्यात ती दहापासून सुरू होत होती. धोकादायक कामासाठी सरकारला ही मर्यादा बाजूला ठेवता येते हे खरे, पण त्यासाठी आधी सरकारला ते काम दिसले पाहिजे. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा बाया बसून बाटल्या भरत असतील तर त्या कोणाला दिसणार? बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचा जो लढा झाला, त्यातून १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. माणूस यंत्राचा भाग नाही, हे कायद्याने मान्य करायला लावणारा तो वारसा आहे. त्या वारशाचे आपण वारसदार म्हणवतो. मग शेडच्या दाराची कडी बाहेरून आहे की आतून, हे पाहणेही आपल्याच वाट्याचे काम आहे.

आणखी एक गोष्ट. सफाई कामगार मैल्याच्या टाकीत गुदमरतो तेव्हा त्याला बाहेर काढायला अग्निशमन दलाचा जवान उतरतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात धोकादायक सफाईसाठी उतरवण्यास बंदी घातली, तरी माणसे उतरवली जातातच. जो उतरून मेला तो बहुधा आपला असतो आणि त्याला काढायला जो उतरतो तोही कुणा कष्टकऱ्याचाच मुलगा असतो. दोघांनाही त्या टाकीत ढकलणारी व्यवस्था एकच आहे. त्यामुळे अग्निशमन जवानाचा प्रश्न हा आपल्या चळवळीबाहेरचा प्रश्न आहे, असे आम्ही तरी मानत नाही.

तेव्हा करायचे काय? आम्ही वकील आहोत, म्हणून नुसत्या भावनेवर लेख संपवणे आम्हाला पटत नाही. पहिली गोष्ट, येत्या १४ एप्रिलला आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळाच्या व्यासपीठावर त्या सहासष्ट जणांना दोन मिनिटे उभे राहून अभिवादन करावे. जवळच्या केंद्रावरील जवानांना जयंतीला सन्मानाने बोलवावे. त्यांच्याकडून आपल्या मंडपाची वायरिंग, जनरेटर आणि बाहेर पडण्याची वाट तपासून घ्यावी. जयंतीची सुरुवात कायदा पाळण्यापासून व्हावी, याहून मोठा मान बाबासाहेबांना कोणता?

दुसरी गोष्ट, ग्रामसभेत ठराव करावा. गावाच्या हद्दीत किती कारखाने, किती गोदामे, किती वसतिगृहे आहेत आणि त्यांनी जानेवारी-जुलैची अग्निसुरक्षा प्रमाणपत्रे दिली आहेत का, याची यादी मागावी. ग्रामपंचायतीकडे ती नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अर्जाला दहा रुपये लागतात. उरवड्याच्या एका भिंतीपेक्षा ते स्वस्त आहेत.

तिसरी गोष्ट, कामाला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तीन प्रश्न शिकवावेत. दार किती आहेत? ती कोणत्या बाजूला उघडतात? आपण भरतो ते रसायन पेटते का? उत्तर मिळाले नाही तर एकटीने भांडू नये, संघटनेकडे यावे. आणि चौथी गोष्ट, अकराव्या अनुसूचीतली ही उणीव आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी. अनुसूची ही काळ्या दगडावरची रेघ नाही. संविधानात दुरुस्तीची सोय बाबासाहेबांनीच ठेवली आहे.

शेवटी पुन्हा त्या निवृत्त अधिकाऱ्यांकडे वळतो. आपल्या तालुक्यात, आपल्या वस्तीत असा कोणी वयस्कर अग्निशमन अधिकारी किंवा जवान राहत असेल तर त्याच्या निधनाच्या बातमीची वाट पाहू नका. आजच त्याच्याकडे जा, वही घेऊन बसा आणि विचारा, काका, इथे आग लागली तर बंब कुठून येईल? कुठे अडेल? पाणी कुठे मिळेल? कोणती इमारत तुम्हाला रात्री झोपू देत नव्हती? तो जे सांगेल ते लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. त्याच्या पश्चात शोकसभा घेण्यापेक्षा त्याच्या हयातीत त्याचे ऐकणे अधिक उपयोगाचे आहे.

लवळ्याच्या त्या गृहस्थांना आम्ही संध्याकाळी व्यासपीठावर बोलावले. ते आले, पण भाषण केले नाही. मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्च्यांची चळत लावून वाट अडवली होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवले आणि म्हणाले, "आधी एवढं हलवा." पोरांनी खुर्च्या हलवल्या. वाट मोकळी झाली. मग सभा सुरू झाली.

जयभीम!